प्रश्न विचारणारा हुशार का वाटतो?

जगातली सर्वांत लांब हिमनदी कोणती? कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांच्या नावातल्या ‘डब्ल्यू. एच.’चं पूर्ण रूप काय?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या जोड्या लावून असे प्रश्न विचारले गेले. विचारणारा कोण आणि उत्तरं देणारा कोण, हे दोघांच्या देखत कार्ड काढून ठरलं होतं. विचारणाऱ्याने स्वतःला ठाऊक असलेल्या माहितीतूनच दहा अवघड प्रश्न तयार करायचे होते. समोरच्याला त्यांतल्या सरासरी चारांचीच उत्तरं आली.

मग दोघांनी एकमेकांच्या आणि स्वतःच्या सामान्य ज्ञानाला शंभरपैकी गुण दिले. उत्तरं देणाऱ्यांनी प्रश्नकर्त्याला सरासरी सुमारे ६७ दिले, स्वतःला अवघे ४१. प्रश्नकर्ते मात्र फसले नाहीत. आपण कुठल्या कोपऱ्यातून प्रश्न वेचून आणले हे त्यांना पक्कं माहीत होतं; त्यांनी दोघांनाही जवळपास सारखेच गुण दिले. तिऱ्हाईत प्रेक्षकांनी तर प्रश्नकर्त्याला ८२ गुण बहाल केले.

ली रॉस, तेरेसा अमाबिले आणि ज्युलिया स्टाइनमेट्झ यांचा हा प्रयोग १९७७ साली प्रसिद्ध झाला. मैदान निवडायची मुभा एकालाच आहे, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. तरी उत्तरं देणाऱ्यांनी आणि प्रेक्षकांनी ते हिशेबात धरलं नाही. त्यातही सर्वांत अस्वस्थ करतात ते ४१ गुण. माणूस दुसऱ्याला मोठं ठरवतो तेवढ्यावर थांबत नाही, स्वतःलाही कमी लेखू लागतो.

कचेरीतही हेच घडतं. रोनाल्ड हम्फ्री यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नकली ऑफिस थाटलं होतं. कोण मॅनेजर आणि कोण कारकून, हे नशिबावर सोपवलेलं. मॅनेजरांकडे डोकं चालवायचं काम, कारकुनांकडे तेच तेच किरकोळ काम. दोनेक तासांनी कारकुनांनीच आपल्या सोबत्यांपेक्षा मॅनेजरांना नेतृत्वात आणि बुद्धीत सरस ठरवलं.

मराठी प्रेक्षकांनी अभिनेते निळू फुले यांच्या बाबतीत याच जातीची, वाट्याला आलेल्या भूमिकेलाच माणूस समजण्याची चूक वर्षानुवर्षं केली. पडद्यावरचा बेरकी पुढारी पाहून बायाबापड्या त्यांचा खरोखर राग करत. प्रत्यक्षात ते राष्ट्र सेवा दलातून घडलेले, सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटलेले कार्यकर्ते होते.

स्टॅनफर्डच्या प्रयोगात आणखी एक गट होता. त्यात प्रश्नकर्त्याने दुसऱ्या कुणीतरी काढलेले प्रश्न नुसते वाचून दाखवायचे होते. तिथे दोघांच्या गुणांतली तफावत जवळजवळ मिटली. नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्यांनी हा निकाल मनावर घ्यायला हवा: आपल्या आवडीच्या विषयातले प्रश्न विचारून उमेदवार ‘सुमार’ ठरवण्याआधी, प्रश्नांची यादी दुसऱ्याकडून तयार करून घेता येते.