बीटल्स : गाण्याआधीचे हसू

बीटल्सची गाणी मी विशीत कॅसेटवर ऐकली. त्यांच्या पत्रकार परिषदा मात्र आधी वाचल्या आणि बऱ्याच वर्षांनी ऐकल्या. वाचताना ही चार पोरे मला उद्धट वाटली होती. ऐकताना घरात एकटा असूनही मोठ्याने हसलो. शब्द तर तेच होते! मग फरक कशाने पडला? संगीताचे शिक्षण मला नाही, त्यामुळे सुरांविषयी अधिकाराने बोलता येत नाही. पण या प्रश्नाच्या मागे मात्र मी लागलो.

६ जून १९६२ रोजी लिव्हरपूलची ही मंडळी लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत प्रथम आली. रिंगो अजून त्यांच्यात यायचा होता. डेक्का कंपनीने त्यांना आधीच नाकारले होते. पार्लोफोनच्या जॉर्ज मार्टिनलाही त्यांच्या स्वतःच्या गाण्यांत फारसे काही दिसले नाही. उणिवांची लांबलचक यादी सांगून झाल्यावर त्याने विचारले, तुम्हाला काही आवडले नसेल तर तुम्हीही सांगा. त्यावर जॉर्ज हॅरिसन म्हणाला, पहिली गोष्ट म्हणजे तुमचा टाय. त्यानंतर जी टोलेबाजी सुरू झाली, तिने मार्टिन जिंकला गेला.

या विनोदामुळेच करार झाला, असे म्हणण्याचा मोह होतो; पण करारामागे इतरही कारणे होती. मला महत्त्वाचे वाटते ते समोर कोण होते हे. मार्टिनने पीटर सेलर्स आणि स्पाइक मिलिगन यांच्या विनोदी ध्वनिमुद्रिका केल्या होत्या. हे दोघे बीबीसीवरच्या ‘द गून शो’चे कलावंत, आणि जॉन लेनन लहानपणापासून त्या कार्यक्रमाचा भक्त. टोला कुठून आला हे मार्टिनला कळले, कारण त्या गावचा रस्ता त्याच्या पायाखालचा होता.

आपल्या तमाशात सोंगाड्या बहुधा एक असतो. येथे चौघेही सोंगाडे होते. एकाचे वाक्य दुसरा उचलणार, तिसरा उलटवणार, आणि रिंगो अगदी निर्विकार चेहऱ्याने शेवट करणार. शिवाय हे सारे लिव्हरपूलच्या बंदरी हेलात, जो हेल लंडनच्या प्रतिष्ठितांना गावंढळ वाटे. त्यांनी तो लपवला नाही. ४ नोव्हेंबर १९६३ ला राजमातेसमोर कार्यक्रम झाला, तेव्हा लेननने स्वस्त जागांवरच्या लोकांना टाळ्या वाजवायला सांगितले आणि उरलेल्यांना दागिने खुळखुळवायला! वर्गभेदावरचे भाषण त्या सभागृहात कोणी ऐकून घेतले नसते. हे मात्र हसून ऐकले गेले.

७ फेब्रुवारी १९६४ ला न्यूयॉर्कच्या विमानतळावर पत्रकार त्यांची टर उडवण्याच्या तयारीने जमले होते. काही गाऊन दाखवता का? नाही, आधी पैसे. बेटोफनविषयी काय वाटते? रिंगोचे उत्तर : थोर माणूस, विशेषतः त्याच्या कविता. टर उडवायला आलेले स्वतःच हसू लागले. दोन दिवसांनी एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी त्यांना पाहिले. माझ्या मते त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांचा केसांवरचा राग निम्मा झाला, तो या हजरजबाबीपणाने. गाणी मुलांची होती, विनोद आईबापांनाही कळत होता.

मग १९६६ उजाडले. आम्ही आता येशूपेक्षा लोकप्रिय आहोत, असे लेनन एका मुलाखतीत म्हणाला. तो विनोद नव्हता, पण बोलण्याची तिरकस ढब तीच होती. मार्चमध्ये लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये ते छापून आले तेव्हा इंग्लंडमध्ये फारशी खळबळ झाली नाही. तेच वाक्य उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ‘डेटबुक’ मासिकात आले. तेथे ना लेननचा हेल पोहोचला, ना ते वाक्य उचलून उलटवायला बाकीचे तिघे. उरली ती नुसती अक्षरे. दक्षिणेकडे तबकड्यांच्या होळ्या पेटल्या, कित्येक रेडिओ केंद्रांनी गाणी बंद केली.

११ ऑगस्टला शिकागोत लेननने पत्रकारांपुढे खुलासा केला. ते ध्वनिमुद्रण मी तीनदा ऐकले आहे. बाकीचे तिघे शेजारीच बसलेले, पण लेनन एकटाच शब्द चाचपत, अडखळत सांगतो आहे, आणि त्याचे वाक्य उचलायला कोणी पुढे येत नाही. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर त्यांनी शेवटचा तिकीट लावलेला जाहीर कार्यक्रम केला.