सतरंजीवरचा डाग: आधी टिपा, मग धुवा

लग्नसराई सुरू झाली की गटाच्या सतरंज्या या वाडीतून त्या वाडीत भाड्याने जातात. परत येतात तेव्हा कुठे आमटी सांडलेली, कुठे हळद लागलेली. मग डाग कोणाकडे पडला, पैसे कोणी भरायचे, यावरून गटात बोलाबोली होते. आम्ही बैठकांना जातो तेव्हा हा विषय हमखास निघतो. म्हणून आज डागांविषयी बोलूया.

पहिली गोष्ट, डाग घासू नका. घासल्याने तो पसरतो आणि धाग्यात खोल जातो. सांडलेले अन्न चमच्याने उचला. मग स्वच्छ सुती फडक्याने दाबून टिपा. कडेकडून मध्याकडे या.

दुसरी गोष्ट, लगेच गरम पाणी ओतू नका. अंडे उकडले की घट्ट होते ना? दूध, कढी, अंडे यांचे डाग उष्णतेने तसेच धाग्याला धरून बसतात. त्यांना थंड पाणीच हवे. चहा सांडला तरी आधी थंड पाण्याने टिपून घ्या, मग साबण लावा.

रश्शाची तर्री सांडली तर टिपून झाल्यावर डागावर कोरडे पीठ भुरभुरा. अर्ध्या तासाने झटका. बरेचसे तेल पिठात आलेले असते. मग तांब्याभर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण घालून फडक्याने डाग पुसा आणि साध्या पाण्याने साबण काढून टाका.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. घाबरू नका. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, तसेच हे. साबण पूर्ण निघाला, थोडे लिंबूपाणी लावले की डाग पुन्हा पिवळा होतो. मग धुऊन दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. उन्हाने हळदीचा रंग उडतो. सतरंजी रंगीत असेल तर डागाचा भाग तेवढा उघडा ठेवा, बाकीची जुन्या चादरीने झाका. लिंबू असो की साबण, आधी कोपऱ्यावर लावून रंग जातो का ते पाहा.

ब्लीचिंगचे पाणी रंगीत सतरंजीला किंवा लोकरीच्या गालिच्याला लावू नका. रंग जातो, लोकर विरते. ब्लीचिंगमध्ये लिंबू किंवा संडास साफ करायचे ॲसिड तर कधीच मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

धुतलेली सतरंजी दोरीवर टाकून दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळवा. ओलसर घडी केली तर बुरशी धरते.

आता गटाच्या नियमाचे. डागाला सरसकट दंड ठेवला की नेणारी बाई भीतीने डाग आत घालून घडी करते. आठ दिवसांनी घडी उघडली की डाग पक्का झालेला असतो. त्यापेक्षा असा ठराव करा: डाग पडला त्याच दिवशी कळवणारीला दंड नाही, लपवणारीला धुण्याचा खर्च. सतरंजी परत घेताना तिच्यासमोरच उलगडून पाहा आणि वहीत नोंद करा. पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.