हिवाळ्यातील घराला उजेडाची ऊब

कल्याण सोडून कसाऱ्याकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती शहाडला. डिसेंबरात येथे सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मुंबईतील कचेरीतून सुटलेला नोकरदार फलाटावर उतरतो, तेव्हा अंधार पडून तास-दीड तास उलटलेला असतो. समुद्रापासून आत, उल्हास नदीकाठच्या या परिसरात रात्रीचा गारवाही मुंबईपेक्षा अधिक जाणवतो. कामाच्या दिवसांत या माणसाला आपले घर दिसते ते बहुतांशी दिव्याच्या उजेडातच. म्हणूनच ते घर उबदार वाटणार, की कचेरीसारखे कोरडे, हे त्या उजेडावर बरेच अवलंबून असते.

बहुतेक दिवाणखान्यांत छताजवळ एकच पांढरी ट्यूबलाइट असते. तिचा उजेड भरपूर असला तरी तो सर्वत्र सारखाच पसरतो आणि खोली सपाट दिसते. दुसरा प्रश्न रंगाचा. प्रकाशाची छटा केल्व्हिन या एककात मोजतात. दिव्याच्या खोक्यावर तो आकडा छापलेला असतो. ६५०० केल्व्हिनचा दिवा निळसर पांढरा, तर २७०० केल्व्हिनचा जुन्या तारेच्या बल्बसारखा पिवळसर. समईच्या ज्योतीची छटा २००० केल्व्हिनच्या आसपास असते. मंद उजेड पिवळसर असेल तर सुखावतो, निळसर असेल तर उदास वाटतो, असे डच शास्त्रज्ञ क्रुइथॉफ यांनी १९४१ मध्ये मांडले. त्यांच्या नेमक्या आकड्यांवर पुढे वाद झाले. पण संध्याकाळच्या तीव्र निळसर प्रकाशाने झोप लांबते, हे नंतरच्या संशोधनातून दिसून आले आहे.

आपल्या जुन्या घरांत ही बाब न सांगताच साधली जात असे. समई जमिनीवर, निरांजन पाटाजवळ, पणती कोनाड्यात. माणसे जमिनीवर बसत आणि उजेडही त्यांच्याच पातळीवर असे. दिव्याभोवती उजेडाचे एक वर्तुळ तयार होई आणि घरातील माणसे त्यात जवळ येत.

फ्लॅटमध्येही हे साधता येते. त्यासाठी महागड्या फॉल्स सीलिंगची गरज नाही. एका मोठ्या दिव्याऐवजी दोन-तीन लहान दिवे निरनिराळ्या कोपऱ्यांत, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर ठेवावेत. बल्ब नजरेस थेट पडू नये. त्याचा झोत भिंतीकडे वळवल्यास फिकट रंगाच्या भिंतीवरून मऊ उजेड परततो. दिवाळीनंतर माळ्यावर गेलेला आकाशकंदील पिवळसर एलईडी बल्ब घालून गॅलरीच्या कोपऱ्यात टांगता येईल. पाच वॉटचे तीन एलईडी दिवे मिळून पंधरा वॉट वीज घेतात. जुन्या पद्धतीची एक ट्यूबलाइटच चोक वगळून ४० वॉटची असे. त्यामुळे बिलाची चिंता नको.

मात्र ऊब म्हणजे काळोख नव्हे. साठीतल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. नातवंडांना रम्य वाटणारा मंद उजेड आजीला पोथी वाचताना वा उठून चालताना अपुरा पडतो. म्हणून ट्यूबलाइट काढू नये. तिचे बटण वेगळे असावे. वाचण्याच्या जागी, स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवर पुरेसा उजेड हवाच. कागदी किंवा बांबूच्या आवरणात तापणारा तारेचा बल्ब लावू नये आणि समई पडद्यांपासून दूर ठेवावी.

दिवे बदलल्याने खोलीचे तापमान वाढत नाही. तरीही एखाद्या संध्याकाळी छताजवळचा दिवा मालवून कोपऱ्यात एकच पिवळसर दिवा लावून पाहावा. खर्च एका बल्बचा; पण घरातील मंडळी त्याच्याभोवती चहाचे कप घेऊन बसली, तर पुढचे दिवे कोठे लावायचे हे आपोआप सुचेल.