पर्जन्यछायेतले पाणके

मुंबईतील वाकोल्यापासून जवळच असलेल्या सांताक्रूझ वेधशाळेने २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली आणि वाकोला नाल्याच्या काठची वस्ती पाण्याखाली गेली. सोलापूरच्या माळांवर सरासरीने वर्षभरातही इतका पाऊस पडत नाही. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीचा चढ चढताना बहुतेक पाणी पश्चिमेकडेच टाकून देतात आणि घाट उतरलेले वारे कोरडे होत जातात, म्हणून पूर्वेकडच्या या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. भूगोलाच्या काटेकोर व्याख्येत तो वाळवंट ठरत नाही, तो निमशुष्क गवताळ माळ आहे. परंतु मे महिन्यात हवेचे तापमान चाळीस अंशांच्या वर गेलेले आणि उघडी जमीन त्याहूनही कितीतरी अधिक तापलेली असताना तेथे जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला हा फरक फारसा उपयोगाचा नसतो.

पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. त्यांच्या शरीराचे तापमान मुळातच चाळीस अंशांच्या आसपास असल्याने थोडी अधिक उष्णता ते सोसू शकतात, आणि मूत्राऐवजी युरिक आम्लाचा घट्टसर पांढरा पदार्थ बाहेर टाकत असल्याने पाण्याची बचतही करतात. मात्र उष्णता फारच वाढली की चोच उघडी ठेवून धापा टाकण्यावाचून गत्यंतर नसते आणि त्यात पाणी खर्च होते. कोरड्या महिन्यांतच विणीला बसणाऱ्या माळटिटवीची अडचण दुहेरी आहे, कारण मातीच्या रंगाची तिची अंडी उघड्यावरच असतात आणि भर दुपारी ती उबवायची नसून थंड ठेवायची असतात. म्हणून ती अंड्यांवर उभी राहून आपल्या अंगाची सावली धरते आणि कधीकधी जवळच्या पाणवठ्यावर पोटाची पिसे भिजवून परत येते.

हीच युक्ती पखुर्डीच्या कुळाने टोकाला नेली आहे. पखुर्डी प्रामुख्याने कोरडे बी खाते, त्यातून पाणी जवळजवळ मिळत नाही, त्यामुळे तिला रोज पाणवठा गाठावा लागतो; तांबूस पोटाची पखुर्डी सकाळी थव्याने येते, तर रंगीत पखुर्डी पहाटे उजाडण्यापूर्वी आणि सायंकाळी अंधारताना येते. उन्हाळ्यात डबकी आटत जाऊन पाण्याच्या जागा मोजक्याच उरतात आणि एरवी मातीत मिसळून जाणारे हे पक्षी त्याच काळात पाहणाऱ्याला हमखास भेटतात. या कुळातील नर पाण्यात पोट बुडवून पिसांत पाणी भरून घेतो आणि कित्येक किलोमीटर उडून पिल्लांपुढे उभा राहतो. पिल्ले ती पिसे चोचीत धरून पाणी ओढून घेतात. इंग्लंडमध्ये पाळलेल्या पक्ष्यांवरून पक्षी-अभ्यासक मीड-वाल्डो यांनी १८९६ मध्ये हे लिहिले तेव्हा अनेकांनी ते खरे मानले नाही, आणि संशोधक केड व मॅक्लिन यांनी आफ्रिकेतील कालाहारीत त्याची खातरजमा केली ती १९६७ मध्ये. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला मान्यता मिळायला सात दशके लागावीत हे विज्ञानातही घडते. पिसाच्या तंतूंना फुटलेले सूक्ष्म उपतंतू कोरडे असताना पीळ घेतलेले असतात, भिजताच ते उलगडून उभे राहतात आणि त्यांच्या दाट जाळीत पाणी अडकते. नामाक्वा या आफ्रिकी पखुर्डीचा नर अशा रीतीने सुमारे २५ मिलिलिटर, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सुमारे १५ टक्के पाणी वाहून नेऊ शकतो.

माळांप्रमाणे दरीकपारींचा भागही याच दख्खनच्या पठाराचा आहे. निघोजजवळ कुकडी नदीने बेसॉल्ट खडकात घळ कोरली असून भोवऱ्यात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी पात्रात रांजणखळगे घासून काढले आहेत, जे पाणी ओसरल्यावर उन्हाळ्यातच नीट दिसतात. दख्खनमधील अशा नदीकाठच्या कड्यांच्या खाचा शृंगी घुबडाला सोयीच्या असतात, कारण दिवसभराची सावली तेथे आयती मिळते.

माळांकडे मात्र पडीक जमीन म्हणून पाहण्याची सवय जुनी आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले तेव्हा कागदोपत्री सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे होते, पुढे ते सुमारे १,२०० वर आणले गेले, आणि ज्याच्या नावाने ते ओळखले जाते तो माळढोक आता तेथे क्वचितच दिसतो; त्याची उरलेली संख्या प्रामुख्याने राजस्थानात आहे. एका वेळी बहुधा एकच अंडे घालणाऱ्या आणि शत्रू दुरून दिसावा म्हणून उघडे मैदान पसंत करणाऱ्या या पक्ष्याला हिरवाई वाढावी म्हणून लावलेली झाडे उपकारक नसतात, तरीही माळावर ग्लिरिसिडिया लावण्याचे समर्थन आजही सद्हेतूने केले जाते. पक्षीनिरीक्षकांचा सद्हेतूही तपासून पाहावा लागतो, कारण छायाचित्रासाठी कोणी जवळ जाऊन माळटिटवीला भर दुपारी उठवले, तर सावली हरवलेल्या अंड्यातील जीव मरायला फार वेळ लागत नाही.