चित्रपटातून कादंबरीत उतरलेले भय
हॅलोवीन-चित्रपटांवरील कुमार-कादंबऱ्यांचा विचार

कादंबरीवरून चित्रपट निघणे ही मराठी वाचकाच्या परिचयाची गोष्ट आहे. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ साली पुस्तकरूपाने आली आणि १९५३ साली आचार्य अत्रे यांनी ती पडद्यावर आणली. याच्या उलट दिशेचा प्रवास, म्हणजे आधी चित्रपट आणि त्यावरून कादंबरी, हा मात्र मराठीत जवळजवळ रुजलाच नाही. इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, अशा चित्रपटोद्भव कादंबऱ्यांची स्वतंत्र बाजारपेठ आहे. आणि तिच्यातील एक शाखा किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या भयकादंबऱ्यांची आहे. वाङ्मयीन इतिहासकार या शाखेकडे सहसा ढुंकूनही पाहत नाहीत. तथापि भयाला कारण दिल्याने त्याचे काय होते, हा रसविचारातला जुना प्रश्न येथे अगदी उघड्यावर तपासावयास मिळतो.

जॉन कार्पेंटर यांचा 'हॅलोवीन' हा चित्रपट ऑक्टोबर १९७८ मध्ये प्रदर्शित झाला. खर्च सुमारे सव्वातीन लाख डॉलर, म्हणजे अमेरिकेच्या मानाने किरकोळ. कथानक तर एका परिच्छेदात मावेल असे आहे. १९६३ च्या हॅलोवीनच्या रात्री मायकेल मायर्स नावाचा सहा वर्षांचा मुलगा आपल्या थोरल्या बहिणीचा खून करतो. पंधरा वर्षांनी तो वेड्यांच्या इस्पितळातून पळून हॅडनफील्ड या आपल्या गावी परततो आणि लॉरी नावाच्या शाळकरी मुलीच्या मागे लागतो. हे तो का करतो, याचे उत्तर चित्रपट देत नाही. त्याचा डॉक्टर लूमिस 'हे निव्वळ पाप आहे' अशा अर्थाचे काही बोलतो, पण ते निदान नव्हे, हतबलतेची कबुली होय. श्रेयनामावलीत प्रौढ मायकेलचा उल्लेखही नावाने नाही, 'आकृती' अशा अर्थाच्या शब्दाने आहे. त्याने घातलेला पांढराफटक मुखवटा म्हणजे दूरचित्रवाणीवरील एका लोकप्रिय नायकाच्या चेहऱ्याचा बाजारी मुखवटा रंगवून घेतलेला. चेहरा पुसला, हेतूही पुसला. प्रेक्षकाच्या भीतीला टेकावयास कोठे जागाच उरली नाही.

या चित्रपटाची कादंबरी १९७९ साली 'कर्टिस रिचर्ड्स' या टोपणनावाने निघाली. चित्रपटाने जे मोकळे ठेवले होते, नेमके तेच तिने भरून काढले. तिचा आरंभ अमेरिकेत होत नाही, प्राचीन आयर्लंडमध्ये होतो. 'सॅमहेन' असा लिहिला आणि 'साउइन' असा उच्चारला जाणारा केल्टिक लोकांचा सण हे हॅलोवीनचे मूळ मानले जाते. त्या सणाच्या रात्री एंडा नावाचा एक विद्रूप तरुण, राजकन्येने नाकारल्यामुळे तिचा खून करतो. त्याचा आत्मा शापित होतो, आणि तो शाप शतके ओलांडून मायकेलपर्यंत पोहोचतो. मुलाला ऐकू येणारे आवाज, इस्पितळातली त्याची वर्षे, सारे काही कादंबरीकार तपशिलाने सांगतो. पडद्यावर 'सॅमहेन' हा शब्द आला तो त्यानंतर, १९८१ च्या दुसऱ्या भागात, शाळेच्या फळ्यावर रक्ताने लिहिलेला; आणि लॉरी ही मायकेलचीच बहीण हा उलगडाही त्याच भागातला. स्पष्टीकरणाच्या या वाटेवर पुस्तक चित्रपटाच्या दोन पावले पुढे होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

ही कादंबरी प्रौढांची. खास किशोरांसाठी लिहिलेली पुस्तके पुढे आली: केली ओ'रूर्क या नावाने १९९७ साली 'द स्क्रीम फॅक्टरी' व 'द ओल्ड मायर्स प्लेस', आणि १९९८ साली 'द मॅड हाउस'. ती आली तो काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. आर. एल. स्टाइन यांच्या 'फिअर स्ट्रीट' मालेने १९८९ पासून आणि 'गूजबम्प्स' मालेने १९९२ पासून भयकथा शाळकरी मुलांच्या दप्तरात नेऊन ठेवली होती. मूळ चित्रपट अमेरिकन वर्गवारीप्रमाणे सतरा वर्षांखालील मुलांना पालकांवाचून पाहता येत नव्हता. पुस्तकाला मात्र असे कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही. ज्या चित्रपटगृहाचे दार आपल्याला बंद आहे त्याच्या आत डोकावण्याची ती खिडकी होती, आणि या पुस्तकांचे खरे सामाजिक कार्य तेथेच आहे.

या तिन्ही कादंबऱ्या मूळ कथा पुन्हा सांगत नाहीत. गाव तेच, खुनी तोच, मुलीमात्र नव्या. कोणी हॅलोवीनसाठी भीतिगृहाचा खेळ मांडते, कोणी मायर्सच्या जुन्या घरात राहावयास येते, कोणी बंद पडलेल्या इस्पितळावर माहितीपट करावयास जाते. मायकेल येथे बव्हंशी गावातली एक आख्यायिका झाला आहे. मोठी माणसे त्याचे नाव काढत नाहीत, मुले त्याच्या नावाने एकमेकांना घाबरवतात. गद्य सामान्य आहे, काही ठिकाणी घाईचे आहे. पण शापाचा लांबलचक पुराणपाठ बाजूस ठेवून 'गाव काय लपवते' या प्रश्नावर कथा उभी करणे हे लेखनदृष्ट्या १९७९ च्या कादंबरीपेक्षा शहाणपणाचे होते. पुढे २०२२ साली शे अर्नशॉ यांनी 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' या १९९३ च्या चित्रपटावरून 'लाँग लिव्ह द पम्पकिन क्वीन' ही कुमार-कादंबरी लिहिली आणि निवेदन सॅली या दुय्यम पात्राच्या मुखी दिले. तीही याच युक्तीची सुधारलेली आवृत्ती होय. चित्रपटाने ज्याच्याकडे पाहिले नाही त्याच्या डोळ्यांनी पाहणे, ही ती युक्ती.

आता हेच पुस्तक इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती पडले, अशी कल्पना करावी. भोपळ्याचे कंदील आणि दारोदार खाऊ मागणारी मुले त्याला केवळ चित्रातून ठाऊक; ३१ ऑक्टोबर ही त्याच्या लेखी दिवाळीच्या आगेमागे येणारी एक तारीख. पण निर्हेतुक भूत ही कल्पना त्याला त्याहूनही परकी वाटेल. लोकसमजुतीतील मराठी भुताच्या नावातच त्याचा पूर्वेतिहास असतो. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नापूर्वी वारलेला मुलगा, आणि त्याचे ठिकाण पिंपळ. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे वासना राहून गेलेला, बहुधा निपुत्रिक. कारण ठाऊक, पत्ता ठाऊक, उताराही ठाऊक. एंडाच्या शापाची जी प्रस्तावना रिचर्ड्स यांना पानेच्या पाने खर्चून रचावी लागली, ती येथे एका शब्दात उरकते. म्हणूनच ती प्रस्तावना मराठी वाचकाला कदाचित अमेरिकन वाचकाहून अधिक पटेल, आणि म्हणूनच मूळ चित्रपटाची भीती त्याच्यापर्यंत कमी पोहोचेल.

मराठीत भयवाङ्मयाची परंपरा दुबळी नाही. फक्त तिचा प्रवाह पुस्तकांकडून पुस्तकांकडे वाहिला. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी स्टीफन किंगच्या कादंबऱ्यांवरून 'लुचाई' व 'शपथ' लिहिल्या आणि त्यांना इथली माणसे व इथली घरे दिली. पडद्यावरून पडद्यावर येण्याचे उदाहरण म्हणजे महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (१९९३). 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकन चित्रपटातली झपाटलेली बाहुली तेथे बोलक्या बाहुल्यांच्या खेळात शिरली आणि तात्या विंचू झाली. हा तात्या विंचू पुढे पिढ्यान्‌पिढ्यांच्या बालपणाचा रहिवासी झाला, तरी त्याच्यावर कुमार-कादंबऱ्यांची माला उभी राहिली नाही, हे नवल आहे.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) हा या संदर्भात सर्वांत बोलका. किंगच्या 'ग्रामा' या कथेवरून धारपांची 'आजी' ही कथा, आणि त्या कथेच्या प्रेरणेतून हा हिंदी चित्रपट. नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. चित्रीकरणाचा काही भाग पुणे जिल्ह्यातच, सासवडला झाला. घरातल्या भयंकर म्हातारीजवळ एकटा पडलेला मुलगा हा कथाबीजाचा अंश चित्रपटाच्या पहिल्या प्रकरणात दिसतो. परंतु आरंभीच सांगितलेली हस्तरची कथा, सोने मिळाले पण धान्य नाकारले गेले त्या देवपुत्राची, ही चित्रपटाने नव्याने रचलेली दैवतकथा होय. कर्टिस रिचर्ड्स यांनी जे पुस्तकात केले ते येथे चित्रपटानेच करून ठेवले. फरक असा की हस्तरचे कारण हेच त्याचे स्वरूप आहे. त्याची भूक आणि माणसाचा लोभ एकाच कणकेच्या बाहुलीत भेटतात. तेथे स्पष्टीकरणाने भय उणावत नाही, दाट होते.

'तुंबाड'ला केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले होते. त्यावर कुमार-कादंबरी लिहावयाची झाल्यास लेखकाला हस्तरचे पुराण वाढविण्याचा मोह होईल. ते काम चित्रपटाने पूर्ण केलेले असल्याने तेथे लिहिण्यासारखे थोडेच उरते. विनायकाचा पांडुरंग, बापाने त्या विहिरीच्या वाटेला लावलेला मुलगा, काय पाहतो आणि घरी आईला काय सांगत नाही, ही जागा मोकळी आहे.

एके काळी चित्रपटगृहाबाहेर गाण्यांच्या पुस्तिका विकल्या जात. त्यांत कथासार छापलेले असे, आणि ऐन पेचाशी येऊन ते थांबे. पुढचे पडद्यावर पाहावे, अशी शेवटी सूचना असे. मराठी वाचकाने चित्रपटाची छापील कथा पाहिली ती बहुधा याच रूपात, आणि ते रूप अर्धवट सोडण्यासाठीच लिहिलेले होते.