डांगराचे फूल : परागीभवनानंतरची काळजी

नाशिक परिसरात डांगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लाल भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात, आणि मादी फूल पाकळ्यांखालच्या इवल्या गोल अंडाशयावरून, म्हणजे पुढे ज्याचे फळ होते त्या भागावरून, सहज ओळखता येते. या फुलांचे पराग जड व चिकट असल्याने वाऱ्याने वाहून जात नाहीत, त्यांना मधमाशीच लागते; परंतु इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे आषाढ-श्रावणात पावसाची झड लागली, की माश्या पोळ्याबाहेर पडत नाहीत. अशा वेळी सकाळी लवकर ताज्या नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे पराग मादी फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे मधल्या चिकट टोकावर, हलकेच फिरवले जातात. हे काम दोन मिनिटांत उरकते, आणि म्हणूनच बहुधा पुढच्या दिवसांकडे दुर्लक्ष होते, जे खरे तर अधिक निर्णायक असतात.

कुक्षीवर पडलेला परागकण रुजतो, त्यातून परागनलिका नावाची अतिसूक्ष्म नळी फुटते आणि ती अंडाशयातील बीजांडांपर्यंत पोहोचल्यावरच बी धरते. या प्रवासाला साधारण एक दिवस लागतो. तेवढ्यात फुलात पाणी साचले तर पराग फुटतात किंवा धुऊन जातात, आणि मोजकीच बीजांडे फलित झाली तर फळ गळते किंवा एका बाजूने खुरटते. म्हणून परागीभवन होताच पाकळ्यांची टोके जुळवून दोऱ्याने सैलसर बांधावीत. वरून प्लास्टिकची पिशवी घालणे मात्र घातक, कारण तिच्यात उष्णता आणि दमटपणा कोंडतो. बियाणे राखायचे असेल तर नर-मादी दोन्ही कळ्या आदल्या संध्याकाळीच बांधाव्या लागतात, नाहीतर शेजारच्या जातीचा पराग शिरतो. देठाला तारखेची चिठ्ठीही बांधलेली बरी.

दोनतीन दिवसांत पाकळ्या सुकतात. पावसाळी हवेत त्यांच्या ओल्या चोथ्यावर बुरशी चढून ती कोवळ्या फळात उतरते, त्यामुळे त्या आपसूक सुटू लागताच काढाव्यात, ओढून मात्र तोडू नयेत. याच सुमारास फळमाशी कोवळ्या सालीत अंडी घालते. कागदाचे किंवा बारीक जाळीचे आवरण हा तिच्यावरचा सर्वांत निर्धोक उपाय होय. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या वाढतात, तेव्हा त्यांचा फवारा सकाळी उमललेल्या फुलांवर येणार नाही, याकडे लक्ष द्यावे.

चारपाच दिवसांत अंडाशय फुगू लागले, की फळ धरले असे समजावे. पिवळे पडून आक्रसले तर ते गळणार. प्रत्येक गळ परागीभवनातील चुकीमुळेच होते असे नाही, कारण आधीच फळे पोसणारी वेल नवी फळे स्वतःहून सोडून देते. अशा वेळी युरियाचा मारा केल्यास पानेच माजतात. जमिनीत बेताची, सतत टिकणारी ओल राखणे अधिक उपयोगी पडते, आणि फळ जमिनीला टेकू लागले, की त्याखाली कोरडे गवत सरकवावे.