सामाजिक पाहणी आणि नमुन्याची निवड

समाजाच्या प्रगतीविषयी आपण सारेच ठामपणे बोलतो. 'आपली मुले आता शिकली' असे एक जण म्हणतो, तर 'शाळेतील गळती वाढतेच आहे' असे दुसरा सांगतो. दोघेही आपापल्या ओळखीच्या घरांवरून बोलत असतात. शिष्यवृत्ती, अभ्यासिका वा वसतिगृह यांवर समाजाचा पैसा खर्चायचा तर एवढ्यावर भागत नाही, पाहणी करावी लागते. प्रत्येक घरी जाणे शक्य नसल्याने थोडी घरे निवडून सर्वांचे अनुमान काढतात. या निवडलेल्या घरांना नमुना म्हणतात.

समजा, नाशिक शहरातील बौद्ध कुटुंबांतील किती मुलेमुली दहावीपूर्वी शाळा सोडतात, हे आपणास पाहायचे आहे. पौर्णिमेला विहारात येणाऱ्यांकडून अर्ज भरून घेणे सर्वांत सोपे. परंतु सातपूरच्या कारखान्यात पाळीवर असलेला कामगार, धुणीभांडी करणारी भगिनी, वीटभट्टीवर गेलेले कुटुंब त्या दिवशी तेथे नसते. ज्या घरांत शाळा सुटण्याचा धोका अधिक, नेमकी तीच घरे सुटतात. असे अर्ज शंभराऐवजी हजार भरले तरी दोष जात नाही. अमेरिकेत १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने टेलिफोन व मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांवरून सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठविल्या. वीस लाखांहून अधिक परतही आल्या. त्यावरून लँडन विजयी होणार असे भाकीत केले गेले. निवडून आले रूझवेल्ट!

आपला प्रतिनिधी इतरांच्या सोयीने ठरू नये, हा बाबासाहेबांचा गोलमेज परिषदेतील आग्रह आपणास ठाऊक आहे. पाहणीतही निवड प्रगणकाच्या सोयीवर सोडू नये. प्रत्येक घराला निवडले जाण्याची संधी असली पाहिजे.

त्यासाठी प्रथम यादी हवी. मतदारयादीत धर्म नसतो आणि आडनावावरून तर्क करणे धोक्याचे. तेव्हा वस्तीतून फिरून स्वतःच घरयादी करावी. भाड्याच्या खोल्याही सोडू नयेत. आमच्या मते सर्वाधिक श्रम येथेच घ्यावेत. १९५० साली प्रा. महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही निवडलेल्या गावातील घरांची आधी यादी होते, मग निवड. यादीत ६०० घरे असून ६० हवी असतील, तर १ ते १० मधील एक चिठ्ठी काढावी. ७ निघाल्यास ७वे, १७वे, २७वे असे पुढे जावे. नाशिकरोड, सिडको, पंचवटी येथील राहणीमान सारखे नाही, म्हणून प्रत्येक भागातून तेथील घरांच्या प्रमाणात नमुना घ्यावा.

किती घरे पुरतील? साध्या चिठ्ठी पद्धतीने ४०० घरे घेतल्यास टक्केवारीत साधारण पाच टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होते. १०० घेतल्यास दहापर्यंत. मात्र हा अंदाज संपूर्ण शहराचा, एकेका वस्तीचा नव्हे. मंडल आयोगाने १९८० साली ४०५ जिल्ह्यांत प्रत्येकी दोन गावे व एक शहरी विभाग पाहिला. त्यावरून कोणत्याही एका जिल्ह्याविषयी निष्कर्ष काढता येणार नाही.

निवडलेल्या घराला कुलूप असल्यास शेजारचे घर घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. संध्याकाळी, सुटीच्या दिवशी, निदान तीनदा जावे. तरीही भेट झाली नाही, तर अहवालात तसे लिहावे आणि अशी घरे किती, तो आकडाही द्यावा.